रग्बीचा पुढला बाक

शिवडी, मुंबई
९ फेब्रुवारी १९३१

केसर,

मी बरा आहे. तू बरी आहेस हे भिकूकडून कळलं. काल भाऊच्या धक्क्यावर तो सुक्या बोंबलाच्या टोपल्या उतरवत होता, तिथं गाठ पडली. मी विचारलं, आमची केसर कशी आहे. तर टोपली खाली न ठेवताच म्हणाला, "झकास हाय. आता मोटारीत पुढं बसते, शिवदासच्या बाजूला. म्हावऱ्याच्या टोपल्या मागं, कोळणी मागं, आन् ती पुढं. रानीसारकी." राणीसारखी असं तो दोनदा म्हणाला. एकदा म्हणाला असता तर चाललं असतं.

पुढल्या बाकावर बसतेस ते बस. मला काय त्याचं. मी आपलं विचारतो.

हे पत्र तुला वाचून कोण दाखवणार ते मला माहीत आहे. आपल्या कोळीवाड्यात चौथीपर्यंत टिकलेला एकटा शिवदासच. मी दुसरीत असताना बंदरात गलबत लागलं म्हणून शाळेच्या खिडकीतून उतरलो तो उतरलोच. म्हणजे मी माझ्या बायकोला लिहायचं, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं त्यानंच ते वाचायचं. बरं आहे. शिवदास, इथं अडखळू नको. तुझं नाव आलं म्हणून घसा खाकरू नको. पुढं वाच.

मी आता अमेरिकन कंपनीच्या कारखान्यात आहे, शिवडीला. हे तुला भिकूनं सांगितलं असेल, पण काय सांगितलं असेल देव जाणे, त्याला मोटार आणि मढ्याची गाडी यांतला फरक कळत नाही. इथं बोटीतून मोठमोठी लाकडी खोकी येतात. एका खोक्यात नुसती चाकं, एकात नुसते दिवे, एकात इंजिनं, तेल माखून कागदात गुंडाळलेली, बाळंतिणीच्या पोरासारखी. ती फोडायची आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडत जायचं. या टोकाला सांगाडा असतो, त्या टोकाला शेवरलेट गाडी भोंगा वाजवत बाहेर पडते. मी शेवटच्या बाजूला आहे. पुढच्या जाळीवर कंपनीच्या नावाची पट्टी बसवतो. आडव्या डमरूसारखी दिसते. शिवदास, तू रोज हात काळे करतोस ती एक जुनी रग्बी मोटार. माझ्या हातून नव्या कोऱ्या गाड्या जातात, सगळ्या.

तू विचारशील, रेवसला मचवा बघायला म्हणून गेलास तो शिवडीला कसा पोचलास. मचवा चांगला होता. तो कराचीला निघाला होता. बाकीचं भेटीत सांगेन.

घरी आत्याला रामराम. तुझा,
कान्हा


२६ मार्च १९३१

केसर,

उत्तर मिळालं. शब्द तुझे, अक्षर त्याचं. ओळी कशा, जाळं वाळत घातल्यासारख्या सरळ. माझ्या ओळी तू बघतेस ना, भरतीला लागलेल्या. वाचता येत नसलं तरी दिसतं माणसाला.

तू सांगितलंस आणि त्यानं लिहिलं, "मागं बसलं का मला वलटी होते, म्हनून पुढं बसते. भिकूला आपल्या बायकोकडं बघाया सांग." भिकूचं मी त्याला सांगेन. पण उलटी? केसर, नारळी पुनवेनंतर खांदेरीच्या बाहेर होडी उभी आडवी होत होती, मी तोंड धरून बसलो होतो, आणि तू डोल जाळ्यातला जवळा निवडत होतीस. तुला उलटी? धरमतरच्या रस्त्यावर?

खाली शिवदासनं आपल्या मनानं दोन ओळी जोडल्यात. "कान्हा, तुमच्या तिकडं इंजिन कसं चढवतात ते सविस्तर लिही. साखळीनं उचलतात काय?" वाचून मला तुला सांगू किती बरं वाटलं. जळतोय. साखळीनंच उचलतात शिवदास, वर छताला चाकं आहेत, एका हातानं ढकलली की इंजिन हवेतून येतं. तू असतास तर तोंड उघडं टाकून बघत बसला असतास. मी तर आता बघतसुद्धा नाही.

काल रात्रीपासून ते मुशीच्या तेलाचं आठवतंय. आपण तिघं होतो तेव्हा. शिवदासनं रग्बी आणली, तिची पेटी लाकडाची, पावसाळा तोंडावर. आम्ही दोघांनी विचार केला, होडीच्या लाकडाला काय लावतो? मुशी माशाच्या काळजाचं तेल. मग गाडीला काय लावायचं? लावलं. आत, बाहेर, बाकांनासुद्धा, दोन हात. दुसऱ्या दिवशी धरमतरला लाँचमधून अलिबागच्या कोर्टाचे वकील उतरले, नेहमीचे गिऱ्हाईक, बसले. पोयनाडपर्यंत नाकाला उपरणं लावून होते. कार्ले खिंडीत एक जण उतरला आणि म्हणाला, "अरे शिवदास, मी चालत येतो. तारीख चुकली तरी चालेल." अलिबागात शिरताना मागं गावची कुत्री. त्या दिवसापासून पांढरपेशा माणूस त्या गाडीत चढला नाही. मग तुम्ही कोळणी आलात, टोपल्या घेऊन. ठमी काकू म्हणाली होती, "हां, आता ही गाडी आपली वाटते." तू किती हसली होतीस.

आता विचार कर, तेल कुणी आणलं होतं? मी. म्हणजे त्या गाडीत तुला बसवलं कुणी?

जाऊ दे. तुला एक मजा सांगतो. आमच्या कारखान्यात पेस्तनजी म्हणून पारशी आहे, सामानाच्या कोठारावर. विलायती मोटारीचे अंक वाचतो आणि जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात घेऊन आम्हाला सांगतो. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे रग्बी आहे. तो खिमा खाता खाता थांबला. म्हणाला, "रग्बी? अरे कान्हा, ए तो आपडा जूना शेठनी गाडी छे!"

झालं असं की अमेरिकेत फ्लिंट नावाच्या गावात ड्युरंट म्हणून एक माणूस होता, घोड्याच्या गाड्या करणारा. त्याला मोटारीचा नाद लागला. एक कंपनी घेतली, दुसरी घेतली, तिसरी घेतली, सगळ्या एका दोरीत बांधल्या. तीच ही आमची कंपनी, जिचा मी पगार घेतो. आणि मग पेढीवाल्यांनी त्याला त्याच्याच कंपनीतून बाहेर काढलं. स्वतः उभी केलेली! तो बाहेर, आणि आत खुर्चीवर दुसरे.

हे ऐकून मी हातातला घास परत डब्यात ठेवला. दुसऱ्याच्या गोष्टीत माणसाला आपलं काही दिसतं ते असं.

तुझा
कान्हा


शिवडी
१४ जून १९३१

केसर,

इतके दिवस लिहिलं नाही कारण मी एका नव्या लॉरीबरोबर नगरला गेलो होतो. जायचं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला जागा आहे, मी चढलो. नगरात एक माणूस घोड्यांना नाल ठोकतो, त्याच्याकडे चार दिवस बसलो. नाल ठोकणं वाटतं तितकं सोपं नाही. पण ते असो.

मला एक संशय आहे, स्पष्ट लिहितो. शिवदास माझं पत्र पुरतं वाचतो का? का आपल्याला हवं ते वाचतो, आणि नको तिथं पान उलटतो? तुला कसं कळणार. म्हणून मी परीक्षा घेतो. आता पुढं लिहितो ते नीट ऐक:

शिवदास हा नाकानं बोलतो, पोहताना बेडकासारखे पाय मारतो, आणि लहानपणी देवळाच्या पायरीवरचा नारळ उचलून पळाला होता तो तोच, मी नव्हे.

हे ऐकलंस तर उत्तरात नारळाचं लिहायला लाव. लिहिलं नाहीस तर मी समजायचं ते समजेन.

आता ड्युरंटचं पुढचं. बाहेर काढलेला माणूस गप्प बसेल तर शपथ. त्यानं शर्यतीत मोटार हाकणारा एक फिरंगी गाठला, शेवरले नावाचा, मोठ्या मिशांचा. त्याच्या नावानं नवी गाडी काढली. ती खपू लागली. मग त्या गाडीच्या जोरावर त्यानं गुपचूप जुन्या कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, गोळा केले, इथून थोडे, तिथून थोडे. आणि एक दिवस आत आला आणि म्हणाला, बाबांनो, आता ही माझी. पेस्तनजी हे सांगताना उभा राहतो. खुर्ची मागं सारतो, डब्याचं झाकण वाजवतो. "अंदर आयो! धनी थईने आयो!"

केसर, असं येतं माणसाला. गेलेल्याला येता येतं. हे शिवदासला जरा सावकाश वाचायला सांग.

तू काय नेसून जातेस बाजाराला? ते हिरवं का? हिरवं मी मुरुडहून आणलं होतं. ते नेसून पुढं बसू नकोस. मागं बसताना नेस.

कान्हा


शिवडी
३ ऑगस्ट १९३१

केसर,

उत्तर आलं. "नारळाचं आयकलं. लय हसले. शिवदास म्हनतो नारळ त्यानंच चोरला व्हता, पन खोबरं तू खाल्लंस." त्यानं हे स्वतःच्या हातानं लिहिलं. आपली बेडकाची उपमासुद्धा वाचली असणार, मोठ्यानं, तुझ्यासमोर.

मला वाटलं होतं तो गाळेल. गाळलं असतं तर मला त्याला धरता आलं असतं. आता काय धरू? खरा माणूस फार त्रास देतो. लबाड असता तर मी आजच लाँच पकडून येऊन त्याची मान धरली असती.

आणि तुम्ही दोघं हसलात. एकत्र. माझ्या पत्रावर.

पत्र इथं संपवतो. हात दुखतोय, पट्ट्या बसवून.

कान्हा


शिवडी
१९ नोव्हेंबर १९३१

केसर,

पाटलांचा निरोप मिळाला. तुझ्या भावानं पंचांपुढं बोलणं काढलं हे भिकूनं सांगितलं, आणि कोळीवाड्याच्या पाटलांनी मला दिवाळीच्या पाडव्याला हजर राहायला सांगितलं होतं हेही त्यानंच सांगितलं. मी येणार होतो. खरं सांगतो. पेटी भरली होती. धक्क्यावर आलो तर एक गुजराती व्यापारी मोटारीला कुणाला हात लावू न देणाऱ्या आपल्या ड्रायव्हरशी भांडत होता, गाडी बंद पडलेली. मी फक्त बघायला थांबलो. मग बोनेट उघडलं. मग ती चालू झाली आणि तो म्हणाला चल ठाण्यापर्यंत, वाटेत पुन्हा बंद पडली तर. पडली. पाडवा ठाण्यात गेला.

भिकू म्हणाला, मी नाही म्हणून पंचांनी पुढची तारीख दिली. माघी पौर्णिमा. तेव्हाही आला नाही तर नवरा नसतानाच काडी मोडायची. काडी मोडून तुझी मोकळीक. आणि मग दुसऱ्याशी पाट लावायला तू मोकळी.

पाट कुणाशी, ते भिकूनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तो टोपलीकडे बघत होता.

केसर, तुझ्या नावापुढं माझं नाव आहे. बाजारात तुला "कान्हाची केसर" म्हणतात. ते नाव उद्या पुसून दुसरं लावणार?

पेस्तनजीला मी हे सगळं सांगितलं नाही, पण त्याला वास आला असावा. तो म्हणाला, तुला त्या मिशावाल्याचं पुढं सांगितलं नाही मी. ऐक. त्या शेवरलेचं ड्युरंटशी पटेना. गाडी कशी असावी यावर नाही पटलं, आणि सिगरेट ओढतोस ती सोड, साहेबासारखी सिगार ओढ यावरनंही वाजलं म्हणतात. शेवरले रागावून निघून गेला. तावातावानं. आणि जाताना आपलं नाव मागं राहिलं, ते कंपनीचं झालं. आता लाखो गाड्यांवर त्याचं नाव, मी रोज बसवतो ती पट्टी, आणि त्यातली एकही त्याची नाही.

मी पेस्तनजीला म्हटलं, मग नावाचा काय उपयोग?

तो म्हणाला, "नाम तो नाम छे, कान्हा. गाडी चलावे ते धनी."

मी त्या दिवशी दुपारनंतर तीन पट्ट्या उलट्या बसवल्या. मुकादमानं शिव्या घातल्या.

शिवदास, आता तू वाचतोयस ते थांबव आणि मला एक सांग. तू माझ्याकडून पोहायला शिकलास. मी तुला पाण्यात ढकललं आणि मीच काढलं. तुला दुसरी बाई मिळाली नाही? थळला नाहीत? वरसोलीला नाहीत? मांडव्याला नाहीत? का जी माझी तीच हवी? शाळेत माझी पाटी घेतलीस तशी?

हे वाचून दाखव तिला. सगळं.

कान्हा


शिवडी
२ फेब्रुवारी १९३२

केसर,

ठमी काकू मुंबईला आली होती, लेकीच्या बाळंतपणाला. मला शोधत कारखान्याच्या दारात आली. दरवानाला म्हणाली, "आमचा कान्हा हाय आत, त्याला भायेर काढ, नायतर मी आत येते." त्यानं मला बाहेर काढलं.

मी तिला चहा पाजला. ती बशीतून चहा फुंकत म्हणाली, "तुजी पत्रं लय ग्वाड असतात रं. आमी समद्या आयकतो."

मी म्हटलं, समद्या कोण?

"समद्या म्हंजे समद्या! पोयनाडला गाडी थांबते, बाजार उलगाडला का शिवदास टपावर पाय सोडून बसतो आन् वाचतो. तुजा तो अमेरिकेचा शेट आमाला पाठ हाय. जनी तर म्हनते, त्याची बायको कशी व्हती ते कान्हाला लिवाया सांग."

केसर, माझे कान तापले. तुला लिहिलेलं, हिरव्या लुगड्याचं लिहिलेलं, ते पोयनाडच्या बाजारात! मी म्हटलं, आणि शिवदासला शिव्या घातलेल्या?

"त्या तं तो लय मोट्यानं वाचतो. पन गेल्या खेपंला पाटीचं आलं ना, तवा हळू वाचलं." काकूनं बशी खाली ठेवली. "मंग गाडी चालू केली."

मी विचारलं, आणि केसर?

काकू माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे पाण्यात बघून बघून कसे झालेत, तुला माहीत आहे. म्हणाली, "केसर दर खेपंला येकच इचारते. पत्र संपलं का इचारते, 'यीन कदी म्हनून लिवलंय का?' शिवदास पान उलटून पालटून बघतो, पाठीमागं बघतो. मंग म्हनतो, न्हाय. मंग ती टोपली उचलते."

मी चहाचे पैसे दिले. काकू गेली. मी आत आलो, तर पेस्तनजीच्या पुढ्यात नवा अंक उघडा. म्हणाला, तुमच्या रग्बीचे दिवस भरले. ड्युरंट दुसऱ्यांदाही बाहेर पडला होता, मग त्यानं स्वतःच्या नावानं तिसरा संसार थाटला, त्यातलीच ही रग्बी. आता तिकडे मंदी, कारखान्याला कुलूप लागल्यात जमा. यापुढं सुटे भाग मिळणार नाहीत. मी खूश व्हायला पाहिजे होतं. शिवदासची गाडी पोरकी झाली. मी घटकाभर खूश झालोही, खोटं का बोलू. मग लगेच वाटलं, मग कोळणी पोयनाडला कशा जाणार?

तर आता लिहितो. पत्राच्या मागं बघू नको शिवदास, इथंच आहे.

केसर, मी येतो. माघी पौर्णिमेला सकाळच्या लाँचनं. पंचांपुढं उभा राहीन. वाटेत कुणाची मोटार बंद पडली असली तर पडू दे.

कान्हा


पाली
१७ मार्च १९३२

शिवदास,

हे पत्र तुला. तिला नाही. लिफाफ्यावर तुझंच नाव घातलंय, पहिल्यांदा.

तिथं जे झालं ते तू अर्धंच बघितलंस. तू गाडीपाशी होतास. म्हणून उरलेलं मी सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी रागानं गेलो. रागानंच गेलो, पण कुणावर ते तुला कळायला पाहिजे.

मी धरमतरला उतरलो तेव्हा तू बोनेट उघडून वाकला होतास. केसर शेजारी कमरेवर हात ठेवून उभी. ती तुला बोलत होती. "कालच सांगतलं व्हतं तुला, पानी बघ म्हनून. आयकतोस का कदी? आता वरसोलीच्या बाया काय उनात बसतील? डोस्कं हाय का नारळ?" तू मान खाली घालून "व्हय, व्हय" म्हणत होतास. मला बघून तिनं पदर सावरला. म्हणाली, "आलात? परवास बरा झाला?"

मला "आलात" म्हणाली. तुला "डोस्कं हाय का नारळ". शिवदास, मी भिकूचं ऐकून वर्षभर जळलो, ती तुझ्या शेजारी बसते म्हणून. ते काहीच नव्हतं. जळायचं असतं ते यावर, हे मला तिथं धक्क्यावर कळलं. बायको माणसाला अशी बोलते ती आपल्या माणसाला. मला ती अशी शेवटचं कधी बोलली ते मला आठवेना. तिथून कोळीवाड्यापर्यंत मी मागं टोपल्यांत बसून तेच आठवत आलो.

पंच देवळापुढं बसले होते. विठोबा पाटील मधे. काडी तांब्यावर ठेवलेली. तू गाडी वडाखाली उभी केलीस आणि तिथंच थांबलास, पुढं आला नाहीस. ते बरं केलंस. आला असतास तर मी भांडलो असतो आणि सगळं सोपं झालं असतं.

पाटील म्हणाले, "केसर, नवरा आलाय. आता तुजं काय म्हननं?"

ती उठली. माझ्याकडे सरळ बघितलं. मला वाटलं होतं रडेल, किंवा कराचीचं काढेल, कारखान्याचं काढेल. काही नाही. एवढंच म्हणाली, "आता ऱ्हानार हाईस का?"

हाईस म्हणाली. आलात नाही. हाईस.

तुला सांगतो शिवदास, माझ्या तोंडात होय होतं. जिभेवर होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, ती बघत होती. आणि त्याच वेळी तू गाडी चालू केलीस. दुपारच्या लाँचची वेळ, तुझी काही चूक नाही. इंजिन चालू झालं आणि मला ऐकू आलं. दुसऱ्या सिलिंडरचं टॅपेट, झडप उचलणारी दांडी. टिक, टिक, टिक, एक ठोका सोडून. शिवडीला एवढी इंजिनं ऐकली, कानाला सवय लागलीय, आपोआप कळतं. माझी मान तिकडे वळली. आणि मी म्हटलं, "त्याचं टॅपेट वाजतंय."

पंच हसले. त्यांतला तुकाराम तर मांडीवर हात मारून हसला. ठमी काकूनं डोळ्याला पदर लावला.

केसर हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, रागानं नाही. जाळं वर काढल्यावर त्यात काय आलंय ते बघतात तसं. मग खाली वाकली, तांब्यावरची काडी उचलली आणि मोडली. आवाजही झाला नाही. ओली असावी.

तेव्हा मी म्हटलं, "ऱ्हातो." खरंच म्हटलं, विचार विठोबा पाटलांना. ती म्हणाली, "ऱ्हा की. गाव तुजंबी हाय." आणि टोपली उचलून तुझ्या गाडीकडं आली. तू गाडीतून उतरून मला हाक मारलीस, मी ऐकली. मी थांबलो नाही.

मी रेवसला जाणार होतो, तिथून मुंबई. पण नागोठण्याकडे जाणारी बैलगाडी भेटली, आणि मग पालीला यात्रेच्या मोटारींवर काम आहे म्हणाले. इथं आहे. किती दिवस ते मला विचारू नको.

तू तिच्याशी पाट लावशील. लाव. मी तुला आशीर्वाद देत नाही, देववत नाही. ती तुला बोलेल, रोज बोलेल, पाण्यावरून, तेलावरून, आणि तू व्हय व्हय करशील, आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात कुठं तरी, मी असेन तिथं, आग पडेल. पडू दे. तुला कळावं म्हणून सांगितलं.

आता टॅपेटचं. तसंच चालवलंस तर ठोके खाऊन झडप तुटेल, आणि रग्बीची झडप आता अमेरिकेतून येणार नाही, पेस्तनजीनं सांगितलेलं वाचलंस ना. इंजिन गरम असताना बाजूचं झाकण काढ. दुसऱ्या सिलिंडरची खालची चकती सैल झालीय. दोन पाने लागतील, एकानं धर, एकानं फिरव. फट मोजायला तुझ्याकडे काही नसेल. या पत्राचा कोपरा फाड, एकदा दुमड, आणि तो घासत जाईल एवढी फट ठेव. जास्त घट्ट करू नको.

तिला वाचून दाखवायचं असलं तर आधी दाखव, मग फाड.

कान्हा